पाते का तुटले, हे कुणी विचारले?

फुलसावंगी हे यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातले गाव. १० ऑगस्ट २०२१ च्या रात्री तेथे शेख इस्माईल शेख इब्राहिम हा चोवीस वर्षांचा तरुण, स्वतः बनवलेल्या एका आसनाच्या हेलिकॉप्टरची चाचणी घेत असताना मरण पावला. आठवीनंतर त्याची शाळा सुटली होती. वेल्डिंग आणि पत्र्याची कामे हा त्याचा व्यवसाय. कपाटे, कूलर बनवणाऱ्या या मुलाने सुमारे दोन वर्षे खपून, मारुती ८०० मोटारीचे इंजिन बसवून ते यंत्र उभे केले होते. त्याला त्याने ‘मुन्ना हेलिकॉप्टर’ असे नाव दिले होते. १५ ऑगस्ट तोंडावर आला होता. त्या दिवशी ते लोकांना दाखवावे असे त्याच्या मनात होते. चाचणी जमिनीवरच चालू होती. बातम्यांनुसार मागच्या छोट्या पंख्याचे पाते तुटले, ते वरच्या मुख्य पंख्यावर आदळले, आणि मुख्य पंख्याचा आघात आत बसलेल्या इस्माईलवर झाला.

ही घटना आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. तिची चित्रफीतही अनेकांनी पाहिली असेल. या लेखात आम्हांला त्या तरुणाच्या चुका काढायच्या नाहीत. स्वतःच्या हाताने काही करून पाहणारी माणसे आपल्याकडे आधीच थोडी, आणि त्यांतला हा एक गेला. आम्हांला परीक्षण करायचे आहे ते त्याच्याबद्दल जे लिहिले आणि बोलले गेले त्याचे, आणि ओघाने आपल्या विज्ञानशिक्षणाचे. कारण त्या सगळ्या लिखाणात एक साधा प्रश्न जवळजवळ कुठेच आढळला नाही. तो म्हणजे : पाते का तुटले?

बातमीतले अँपिअर

त्या दिवसांतल्या काही बातम्यांत एक आकडा आला होता. चाचणीच्या वेळी इंजिन ‘७५० अँपिअर’वर चालू होते, असे त्यांत म्हटले होते. अँपिअर हे विद्युतप्रवाहाचे एकक आहे. पेट्रोलचे इंजिन किती वेगाने फिरते हे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांत मोजतात. कोणाच्या तोंडून काहीतरी निघाले, कोणी ते टिपून घेतले, आणि एका बातमीतून दुसऱ्या बातमीत ते तसेच उतरत गेले. वाटेत कोणालाही ते खटकले नाही. दहावीच्या विद्यार्थ्याला ही चूक कळायला हवी. एकक चुकले तर आपण त्याचा अर्धा गुण कापतो.

चूक एका शब्दाची आहे, पण तिच्यावरून बरेच कळते. लिहिणाऱ्याला तो आकडा उपयोगाचा वाटलेलाच नव्हता. बातमीला वजन यावे म्हणून तो होता. खरे तर साऱ्या घटनेत सर्वांत महत्त्वाचा आकडा तोच होता : पाते मिनिटाला किती फेरे घेत होते? त्यावरून पात्यावर किती ओढ पडत होती ते काढता येते, आणि दुर्घटनेचे कारण शोधायला तेथून सुरुवात करता येते. त्याऐवजी बातम्यांनी ‘थ्री इडियट्स’मधला रँचो पुढे आणला, आणि जिद्द, स्वप्न, गावाचे नाव यांवर त्या संपल्या.

पडद्यावरचे यंत्र

‘थ्री इडियट्स’ हा चित्रपट २००९ चा. त्यात एक विद्यार्थी उडणारे छोटे यंत्र बनवत असतो, ते त्याला जमत नाही, आणि रँचो ते पूर्ण करून उडवतो. इस्माईलला या चित्रपटाने प्रेरणा दिली असे त्याच्या ओळखीच्यांनी सांगितल्याचे छापून आले होते. घोकंपट्टीवर टीका करणारा हा चित्रपट आम्हांलाही आवडला होता. पण आज शिक्षक म्हणून पाहताना त्यातली एक उणीव जाणवते. बिघडलेले यंत्र चालू होते, पण ते कसे, हे दिसत नाही. काय मोजले, काय मोडले, किती वेळा मोडले, यांतले काही पडद्यावर येत नाही. अडलेले काम हुशार मुलाच्या हाताला यश आले म्हणजे सुटते, एवढेच प्रेक्षकाच्या मनात राहते.

शिवाय पडद्यावरच्या त्या यंत्रात माणूस बसत नाही, ते हातात मावते. हा फरक किती मोठा आहे ते आकड्यांत पाहू. समजा, एका खेळण्यातल्या पंख्याचे पाते १० ग्रॅमचे व १२ सेंटिमीटर लांबीचे आहे आणि ते मिनिटाला ६,००० फेरे घेते. त्यात साठलेली गतिज ऊर्जा सुमारे १० जूल भरते. एक किलोचे वजन एक मीटर उंचीवरून पडावे, तेवढी ही ऊर्जा. आता २ मीटर लांबीचे, ४ किलो वजनाचे पाते घेऊ आणि ते मिनिटाला फक्त ३०० फेऱ्यांनी फिरवू. त्याची ऊर्जा २,६०० जूलच्या वर जाते. चार किलोचा दगड वीस मजली इमारतीच्या माथ्यावरून खाली यावा, तसा हा प्रकार आहे. पहिले पाते तुटले तर बोट कापेल. दुसरे तुटले तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. हे आकडे आम्ही उदाहरणासाठी घेतले आहेत, फुलसावंगीच्या यंत्राचे नाहीत. पण माणूस उचलू पाहणाऱ्या पंख्याचा अंदाज त्यांवरून येतो.

जाड पत्र्याचा भ्रम

हेलिकॉप्टरचे पाते म्हणजे फिरता पंखच. विमानाचा पंख विमानाबरोबर पुढे जातो आणि वाऱ्यातून उचल मिळवतो. हेलिकॉप्टरचा पंख जागच्या जागी फिरून ती मिळवतो. मात्र फिरण्यामुळे त्याच्यावर आणखी एक भार येतो. दोरीला दगड बांधून गरगर फिरवला की दोरी ताणली जाते, तसे पाते आपल्या मुळापाशी ताणले जाते. दहावीत गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात आपण अभिकेंद्री बल शिकवतो, तेच हे.

वरच्याच पात्याचा हिशोब करू. वजन ४ किलो, गुरुत्वमध्य आसापासून १ मीटरवर, मिनिटाला ३०० फेरे म्हणजे सेकंदाला ५. कोनीय वेग सुमारे ३१.४ रेडियन प्रतिसेकंद. वस्तुमान, कोनीय वेगाचा वर्ग आणि त्रिज्या यांचा गुणाकार केला की बल येते सुमारे ३,९५० न्यूटन. म्हणजे पात्याच्या मुळाला चार क्विंटल कापूस टांगल्याइतकी ओढ. पाते मात्र चारच किलोचे! फेरे दीडपट, म्हणजे ४५० केले, तर ओढ सव्वादोनपट, नऊ क्विंटल. दुप्पट केले तर सोळा क्विंटल. इंजिनाचा आवाज थोडा चढतो, तेव्हा मुळावरचा भार वर्गाच्या प्रमाणात चढलेला असतो. कानाला हे कळत नाही.

एवढी ओढ पेलायला काय करावे? वेल्डिंगच्या दुकानातले उत्तर तयार असते : पत्रा जाड घ्यावा. कपाटाला, फाटकाला, कूलरच्या स्टँडला हे उत्तर बरोबर आहे, कारण तेथला भार बाहेरून येतो. फिरत्या पात्याचा भार पात्याच्या स्वतःच्या वजनातून येतो. पात्याचा छेद सर्वत्र दुप्पट केला की वजन दुप्पट, म्हणून ओढही दुप्पट. दुप्पट ओढ दुप्पट छेदावर पसरली, म्हणजे धातूवरचा ताण होता तेवढाच राहिला. उलट पाते जेथे मधल्या आसाला जोडले आहे, त्या बोल्टांवर आणि वेल्डवर मात्र आता दुप्पट बल येते. सगळीकडे जाडी वाढवून मजबुती आणायला गेलो आणि सांधा अधिक धोक्यात घातला, असे येथे होते. म्हणूनच खरी पाती मुळाशी भरीव आणि टोकाकडे हलकी करण्याचा प्रयत्न असतो.

आणखी एक गंमत पाहा. वरचे पाते साध्या पोलादाचे धरले तर त्याच्या मुळाशी ताण येतो सुमारे १५ मेगापास्कल. साधे पोलाद कायमचे वाकायला सुमारे २५० मेगापास्कल ताण लागतो. हिशोबाने सोळापट सुरक्षितता आहे! मग अशी पाती तुटतात तरी का?

कारण हा हिशोब अखंड, गुळगुळीत, सरळ ओढल्या जाणाऱ्या धातूचा आहे. प्रत्यक्षात मुळाशी बोल्टची छिद्रे असतात, त्यांच्या कडांशी ताण कित्येक पट वाढतो. पाते उचल देऊ लागले की ते वर वाकते, आणि त्या वाकण्याचा भार पुन्हा मुळावरच येतो. समोरासमोरच्या दोन पात्यांपैकी एक दुसऱ्याहून १०० ग्रॅम जड असले, तर वरच्याच वेगाला आसावर सुमारे १० किलोची असमतोल ओढ पडते आणि तिची दिशा सेकंदाला पाच वेळा फिरते. सगळा सांगाडा थरथरतो. एका तासात असे १८,००० हिसके बसतात. धातूला एकदा जो भार सहज पेलतो, तोच हजारो वेळा उलटसुलट दिला की त्यात बारीक चीर पडते आणि ती वाढत जाते. याला धातूचा थकवा म्हणतात. वेल्डची कड ही अशी चीर सुरू व्हायची आवडती जागा आहे. कपाटाच्या दाराचा वेल्ड वर्षानुवर्षे टिकतो, कारण त्याला असे हिसके बसत नाहीत. म्हणजे जे कौशल्य इस्माईलच्या हातात होते, ते खरेच होते. पण ते ज्या प्रकारच्या भारावर घडले होते त्याहून हा भार निराळ्या जातीचा होता.

मजबुती दर वेळी धातू वाढवून येत नाही, याचे सुंदर उदाहरण इतिहासात आहे. स्पेनच्या ह्वान दे ला सिएर्वा याची सुरुवातीची फिरत्या पंखांची यंत्रे उडण्याच्या प्रयत्नात कलंडत असत. त्याने पाती मुळाशी बिजागरीने जोडली, त्यांना वरखाली हलायची मोकळीक दिली, आणि १९२३ मध्ये त्याचे यंत्र नीट उडाले. बिजागरीमुळे मुळावरचा वाकण्याचा भारही हलका झाला.

लिहून ठेवलेला कमकुवतपणा

कोणी म्हणेल, परदेशात लोक घरच्या गॅरेजमध्ये विमाने बनवतात, त्यांना कसे जमते? तेथेही पंख तुटतात. फरक पुढे काय होते यात आहे.

‘झोडिअॅक सीएच ६०१ एक्सएल’ हे दोन आसनांचे छोटे विमान सुटे भाग आणून घरी जोडता येते. २००६ पासून तीनेक वर्षांत अमेरिकेत आणि युरोपात अशी सहा विमाने हवेतच मोडली आणि दहा माणसे मेली. एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने ही विमाने उडवणे थांबवावे अशी तातडीची शिफारस केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुरुस्तीचा तपशील जाहीर झाला : पंखातल्या मुख्य दांड्याला आणि त्याच्या सांध्यांना जादा मजबुती, शिवाय पंखाच्या मागच्या हलत्या फळ्यांना तोलाची वजने.

आज असे घरी बनवलेले जुने विमान विकत घेणारा जाणता माणूस रंग आणि आसने नंतर पाहतो. आधी तो नोंदवही मागतो. ठरवून दिलेली दुरुस्ती झाली का, कोणी केली, किती तारखेला केली, पंखावर पत्रा चढवण्यापूर्वी आतल्या दांड्याची छायाचित्रे काढली होती का, हे विचारतो. पंखाच्या तपासणीच्या झडपा उघडून बॅटरी आणि आरसा घेऊन आत पाहतो : रिव्हेट सैल झाले आहेत का, कडेला काळी रेघ दिसते का, छिद्र लांबट झाले आहे का. पंखाचे टोक हाताने वर उचलतो आणि मुळाशी काही हलते का याकडे लक्ष देतो. पूर्वीच्या मालकाचा हेतू चांगला होता, यावर तो समाधान मानत नाही.

हे शक्य होते कारण कोणीतरी कमकुवतपणा लिहून ठेवलेला असतो. अमेरिकेत १९५३ साली स्थापन झालेली हौशी विमान बनवणाऱ्यांची एक संघटना आहे. तिचे अनुभवी सभासद विनामूल्य तुमच्या गॅरेजमध्ये येतात आणि पंख बंद करण्याआधी आतले काम पाहून चूक दाखवतात. ‘हा सांधा उकलून पुन्हा कर’ असे सांगणारा माणूस तेथे बनवणाऱ्याला भेटतो. फुलसावंगीच्या तरुणाला आजूबाजूला कौतुक करणारे अनेक मिळाले असतील. असे सांगणारा कोण होता?

परवान्याआधीची रिकामी जागा

आपल्याकडे अशा वेळी चर्चा वळते ती परवानगीकडे. सातारा जिल्ह्यातून आलेले वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले. नोंदणी व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडले. ही दिरंगाई टीकेला पात्र आहेच. पण त्याही वेळी गच्ची, परवाना, सरकारदरबार यांबद्दल जितके लिहिले गेले, तितके पंखाच्या भारचाचणीबद्दल आमच्या वाचनात आले नाही.

फुलसावंगीची घटना तर परवान्याच्या टप्प्याच्या कितीतरी अलीकडची. यंत्र जमिनीवर उभे होते. आपल्या अंगणात पंखा फिरवून पाहायला कोणी दिल्लीला अर्ज करत नाही. तेथे नियम पोहोचत नाही, तेथे फक्त समज पोहोचू शकते. आणि समज असती, तर एक गोष्ट आधी सुचली असती : पहिल्यांदा पंखा फिरेल तेव्हा आत कोणी बसायचे नाही आणि पात्यांच्या पातळीत कोणी उभे राहायचे नाही. राइट बंधूंनी १९०० साली आपले पहिले मोठे ग्लायडर बहुतेक वेळा पतंगासारखे दोरीने उडवले. माणसाच्या जागी त्यात साखळ्यांचे वजन ठेवून त्यांनी मापे घेतली. त्याआधी चारच वर्षांपूर्वी, १० ऑगस्ट १८९६ रोजी, जर्मनीचा ऑटो लिलिएनथाल आदल्या दिवशीच्या अपघातानंतर मरण पावला होता, हे त्यांना चांगले माहीत होते. यंत्र आधी माणसाविना मोडू द्यावे, हा धडा ते त्यातून शिकले.

येथे आम्हां संशोधकांनाही मागे राहता येणार नाही. महागाव तालुक्याला लागूनच पुसद आहे, तेथे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. यवतमाळला तंत्रनिकेतन आहे. त्या संस्थांना दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही, कारण आम्ही ज्या प्रकारच्या प्रयोगशाळांत काम करतो तेथेही आठवी शिकलेल्या वेल्डरने ‘माझे पाते जरा ओढून पाहा’ म्हणून यावे असा दरवाजा नाही. पात्याचा तुकडा ओढून तोडणारे यंत्र तेथे असते. ते वर्षातले कित्येक दिवस झाकलेलेही असते. आम्ही ‘विज्ञान लोकांपर्यंत न्या’ म्हणतो आणि व्याख्याने देतो. लोकांनी विज्ञान आमच्यापर्यंत आणले तर ते फाटकावरच अडते.

वर्गात काय करता येईल

पात्यांचे प्रयोग शाळेत करू नयेत. पण त्यामागची समज अगदी साध्या वस्तूंनी देता येते.

पहिला प्रयोग. रिकाम्या पेनाच्या नळीतून दोरा ओवा. वरच्या टोकाला खोडरबर, खालच्या टोकाला वॉशर बांधा. नळी हातात धरून खोडरबर डोक्यावर आडवे फिरवा. फिरण्याची त्रिज्या तीच राखून वॉशर चौपट करा आणि दहा फेऱ्यांचा वेळ मोजा. वेग दुप्पट झालेला दिसेल. वेगाचा वर्ग म्हणजे काय, हे मुलांच्या हाताला कळेल. खोडरबर घट्ट बांधा आणि बाकीच्या मुलांना लांब उभे करा. ही सूचनाही धड्याचाच भाग आहे.

दुसरा प्रयोग. बांधकामाची बाइंडिंग तार घ्या. सारख्या लांबीचे वीस तुकडे करा. प्रत्येक तुकडा नव्वद अंशांत उलटसुलट वाकवत किती वेळा वाकवल्यावर तुटतो ते लिहा. मग दहा तुकड्यांवर कानशीने बारीक खाच पाडून तेच करा. आकडे किती घसरतात ते फळ्यावर मांडा. एकाच तारेचे तुकडे असूनही आकडे वेगवेगळे का येतात, हेही मुलांना विचारा. धातूचा थकवा आणि वेल्डची कड, दोन्हींचा अर्थ त्यातून लागेल.

तिसरा प्रयोग. बांबूची एक सारखी कामटी टेबलाच्या कडेला घट्ट बांधा. हा आपला पंख. टोकाला वाळूच्या पुड्या एकेक करून टांगत जा, प्रत्येक वेळी टोक किती झुकले ते लिहा, आणि कामटी मोडेपर्यंत थांबू नका. विमानाच्या आराखड्यात अपेक्षित कमाल भाराच्या निदान दीडपट भार पेलण्याची ताकद ठेवतात. तेव्हा मोडलेल्या भाराला दीडने भागा आणि मुलांना विचारा : या कामटीवर तुम्ही किती भार टाकायची हमी द्याल? पाच गटांच्या पाच कामट्या वेगवेगळ्या भाराला मोडतील. हमी कोणत्या आकड्यावर द्यायची, यावर वाद होऊ द्या. तो वाद म्हणजेच अभियांत्रिकीची सुरुवात.

या तिन्ही प्रयोगांत वस्तू मोडावी लागते आणि मोडल्याची नोंद करावी लागते. आपल्या प्रयोगवहीत मात्र निष्कर्ष आधीपासून ठरलेला असतो आणि मोडलेल्या गोष्टीला जागा नसते. विज्ञान प्रदर्शनातही चालणारी प्रतिकृती बक्षीस मिळवते. ‘हे आम्ही चार वेळा मोडले आणि का मोडले ते येथे लिहिले आहे’ अशा तक्त्याला एखादे तरी बक्षीस ठेवायला काय हरकत आहे?

आपल्या गावातही एखादा मुलगा किंवा मुलगी शेडमध्ये काहीतरी जोडत असेल. बातमीदार तेथे पोहोचायच्या आधी शिक्षकाने जावे. शाबासकी जरूर द्यावी. मग नोंदवही कोठे आहे ते विचारावे, आणि ती नसेल तर आपल्या पिशवीतली एक कोरी वही तेथे ठेवून यावे.